कुरवाला हाकलायचं का?

मार्च-एप्रिलमध्ये महाड, पोलादपूर, बिरवाडी भागातली बरीच मंडळी शनिवार-रविवार गाठून वेळासला कासवाची पिल्लं पाहायला जातात. वाळूवर दोरी बांधलेली असते, दोरीमागे माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात आणि टोपलीतून सोडलेली, तळहातात मावणारी पिल्लं पाण्याकडे सरपटत निघतात. तेवढ्यात वरून एखादा पांढरा पक्षी घिरटी घालून जातो आणि गर्दीतून हमखास प्रश्न येतो, "दादा, तो सीगल पिल्लू उचलेल ना? त्याला हाकलत का नाही तुम्ही?"

प्रश्न रास्त आहे. पिल्लू वाचवायचं आणि पिल्लू खाणारा पक्षी मात्र राहू द्यायचा, हे कुणालाही पहिल्या ऐकण्यात पटत नाही. घरी परतल्यावर याच मंडळींकडून दुसरा प्रश्न येतो, "किनारा राखणं हे किनाऱ्यावरच्या गावांचं काम. आमची औद्योगिक वसाहत समुद्रापासून इतकी आत, आमचा त्यात काय संबंध?" या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती एकेक पायरी घेत समजून घेऊ. सुरुवात पाण्यापासून करू.

1. महाडचं पाणी जातं कुठे?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीचा कडा उतरून ती पोलादपूर तालुक्यात येते आणि पुढे महाडला पोचते. महाडच्या परिसरात तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात. महाडची औद्योगिक वसाहत बिरवाडीच्या बाजूला याच खोऱ्यात वसली आहे. महाड सोडल्यावर सावित्री दासगाव, आंबेत अशी वळणं घेत रुंदावते, तिची खाडी होते आणि ती बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रायगड जिल्ह्यातलं बागमांडला आणि हरिहरेश्वर, तर दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातलं बाणकोट आणि त्याला लागूनच वेळास.

म्हणजे कासवांचं वेळास हे आपल्याच नदीच्या मुखाशी असलेलं गाव आहे.

पाणी एकाच दिशेनं वाहत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी खाडीतून वर चढतं आणि दासगावच्याही पुढे महाडच्या बाजूला सरकतं. जुन्या काळी याच भरतीच्या जोरावर होड्या महाडच्या बंदराला लागत. व्यापारी पेठ म्हणून महाड नावारूपाला आलं ते त्यामुळेच. रस्त्यानं मोजलं तर महाड समुद्रापासून दूर आहे. पाण्यानं मोजलं तर ते समुद्राच्या दारातच आहे.

पुरात हा संबंध उघड दिसतो. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुराखाली गेलं. पूर ओसरताना जे सोबत ओढून नेतो, त्या पिशव्या, थर्माकोल, बाटल्या, पिंपं, हे सगळं जाण्याची वाट एकच, ती म्हणजे खाडी. त्यातलं काही खारफुटीत अडकतं आणि काही किनाऱ्याच्या वाळूवर येऊन पडतं. कासवाची मादी अंडी घालायला चढते ती याच वाळूवर.

2. कुरव म्हणजे नेमका कोण?

आपण सरसकट सीगल म्हणतो त्या पक्ष्यांना मराठीत कुरव म्हणतात. कोकण किनाऱ्यावर त्यांच्या अनेक जाती येतात. सहज दिसणाऱ्या दोन म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. यांच्याबरोबर मोठे कुरवही असतात. त्यांची पाठ गडद राखाडी, पाय पिवळे आणि पिवळ्या चोचीच्या टोकाशी खालच्या बाजूला एक लाल ठिपका असतो.

पहिल्यांदा पाहणारा इथे बुचकळ्यात पडतो, कारण डिसेंबरमध्ये काळ्या किंवा तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं चक्क पांढरं असतं. डोळ्यामागे काळसर डाग तेवढा दिसतो. डोक्याचा गडद रंग विणीच्या हंगामापुरता असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळूहळू तो चढू लागतो आणि त्या सुमाराला त्यांची निघायची वेळ झालेली असते. दोघांमध्ये फरक करायचा असेल तर पंखाचं टोक पाहा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके उठून दिसतात. शिवाय तो अंगानंही थोडा मोठा असतो.

हे पक्षी आपल्याकडे घरटी करत नाहीत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. मोठ्या कुरवांपैकी काही थेट उत्तर सैबेरियातून येतात. तिकडे पाणी गोठू लागलं की ते दक्षिणेला निघतात, ऑक्टोबरच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर पोचतात आणि बहुतेक सगळे एप्रिलपर्यंत परततात. सहा महिन्यांची त्यांची रोजीरोटी आपल्या खाड्यांवर आणि पुळणींवर अवलंबून असते.

चोचीवरच्या लाल ठिपक्याला विज्ञानाच्या इतिहासात मोठं स्थान आहे. निको टिनबर्गन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मोठ्या कुरवाचं पिल्लू जन्मतःच त्या ठिपक्यावर टोच मारतं आणि टोच बसली की आई किंवा बाप गिळून आणलेलं अन्न पिल्लापुढे काढतो. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या अशा अभ्यासासाठी टिनबर्गनना 1973 साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

कुरव खातो काय? मासे, खेकडे, किडे, चिखलातल्या अळ्या आणि मेलेलंही. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव आटोपला की उरलेल्या आतड्या-डोक्यांवर तुटून पडणारे कुरव तुम्ही पाहिले असतील. किनारा साफ ठेवण्याचं मोठं काम ते बिनपगारी करतात. म्हणजे कुरव काही कासवाच्या पिल्लांवर जगणारा पक्षी नाही. वाटेत पिल्लू आलं तर तो सोडत नाही, एवढंच.

3. खारट पाण्यात तहान कशी भागते?

कासव आणि कुरव यांचं वैर आपल्या मनात ठसलेलं असतं. पण दोघांपुढे एक अडचण समान आहे आणि दोघांनी तिच्यावर उपायही सारखाच शोधला आहे.

समुद्राचं पाणी आपण प्यायलो तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायल्याहून जास्त पाणी लागतं. त्यामुळे तहान भागण्याऐवजी वाढते. कुरवाच्या डोळ्यांच्या वर मीठग्रंथी असतात. त्या रक्तातलं जास्तीचं मीठ वेगळं काढतात आणि त्याचं दाट खारं पाणी नाकपुड्यांतून वाहत चोचीच्या टोकाशी येतं. खडकावर बसलेला कुरव अधूनमधून डोकं झटकतो तेव्हा तो हेच थेंब उडवत असतो.

कासवाच्या मीठग्रंथी डोळ्यांपाशीच असतात. अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून धारा लागतात आणि पाहणाऱ्याचं मन हेलावतं. त्या धारा मिठाच्या असतात. पाण्यात असतानाही त्या वाहत असतात, वाळूवर आल्यावर आपल्याला दिसतात इतकंच.

एकाच पाण्यावर जगणारे हे दोन जीव आहेत. त्या पाण्यात काय मिसळलं आहे याचा परिणाम दोघांवर होणार.

4. शंभर अंड्यांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोकणात अंडी घालायला येणारं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ साधारण 60 ते 70 सेंटिमीटर लांब असते. ती एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळूच्या उबेवर 45 ते 60 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गार असेल तर नर जास्त, तापलेली असेल तर माद्या जास्त.

समुद्री कासवांबाबत ढोबळ अंदाज असा सांगितला जातो की हजार पिल्लांमागे एखादंच मोठं होऊन पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोचतं. हे ऐकून निसर्ग क्रूर वाटतो. पण दारच्या आंब्याकडे पाहा. मोहोर हजारोंनी येतो, त्यातला बहुतेक गळतो, काही कैऱ्या वाऱ्यानं पडतात आणि हाती लागतात ते मोजके आंबे. वाऱ्यानं मोहोर गळतो म्हणून कुणी वारा बांधून ठेवत नाही. झाडाचा हिशेब त्या गळतीसकट मांडलेला असतो. कासवाच्या शंभर अंड्यांचा हिशेबही तसाच आहे. कुरव, घार, खेकडा, मोठा मासा या सगळ्यांचा वाटा त्यात आधीच धरलेला आहे. लाखो वर्षं हा वाटा देऊनही कासवं टिकली.

मग ती कमी का झाली? कारण हिशेबात नसलेली गळती सुरू झाली. ती कशी, हे एका कल्पित उदाहरणानं पाहू.

समजा एका पुळणीवर हंगामात दहा घरटी झाली आणि प्रत्येकात शंभर अंडी. एकूण अंडी हजार. समजा निम्मी फुटली, तर पिल्लं पाचशे. पिल्लं पाण्याकडे जाताना कुरव आणि इतर पक्ष्यांनी मिळून दर घरट्यामागे पाच उचलली, तर गेली पन्नास. पाण्यात पोचली साडेचारशे.

आता दुसरी बाजू. गावातला कचरा खाऊन पोसलेली मोकाट कुत्री रात्री पुळणीवर फिरतात. कुत्रं एक अंडं खाऊन थांबत नाही, पूर्ण घरटं उकरतं. दहापैकी चार घरटी कुत्र्यांनी उकरली आणि पाच घरट्यांतली अंडी माणसांनी खायला किंवा विकायला नेली, तर उरलं एक घरटं. त्यातून पन्नास पिल्लं निघाली आणि पक्ष्यांनी तीच पाच उचलली. पाण्यात पोचली पंचेचाळीस.

दोन्ही वेळा कुरवानं दर घरट्यामागे सारखाच वाटा घेतला. साडेचारशेची पंचेचाळीस झाली ती कुत्र्यांमुळे आणि माणसामुळे. त्यात कुत्र्यांना पुळणीवर आणणारा कचराही माणसाचाच.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे कासवं हजारो-लाखोंच्या संख्येनं एकदम येतात, तिथे काही घरटी गेली तरी बाकीची गर्दीमुळे वाचतात. कोकणात मादी एकटी येते, एकटं घरटं करते. म्हणून इथे एकेका घरट्याला राखणदार लागतो.

5. वेळासनं काय केलं?

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते समुद्र गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत किनाऱ्यानं फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं येतात, पण त्यांची अंडी काढून नेली जातात. संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांशी बोलणी सुरू केली. वन विभागाची साथ मिळाली आणि गावानं घरटी राखायला घेतली. अंड्यांची जागा बिनचूक ओळखणारी गावातलीच माणसं या कामाला सर्वात उपयोगी पडतात, हे तिथे सिद्ध झालं. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, जेवू लागले आणि जिवंत कासवातून गावाला उत्पन्न मिळू लागलं. पुढे हे काम रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक पुळणींवर पसरलं. आज त्या राखणदारांना सगळे कासवमित्र म्हणून ओळखतात.

कासवमित्राचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. पहाटे, उजाडायच्या आत तो पुळण चालत जातो. नजर वाळूवर. भरतीच्या रेषेपासून वर चढणारा माग दिसला की तो थांबतो. मधे पोट घासत गेल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे तिरके ठसे. मागाच्या टोकाशी वाळू विस्कटलेली असते. तिथे तो पातळ काठी हलक्या हातानं रोवत जातो. एका जागी काठी अलगद आत जाते, कारण मादीनं खणून पुन्हा भरलेली वाळू भुसभुशीत असते. मग काठी बाजूला ठेवून हातानं उकरायचं. कोपरापर्यंत हात आत गेला की बोटांना पहिलं अंडं लागतं.

अंडी काढताना ती फिरू द्यायची नाहीत. घातल्यावर काही तासांनी आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर गर्भ दगावतो. म्हणून सकाळी लवकर शोधायचं, जसं होतं तसंच उचलायचं आणि जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायचं. खड्डाही मादीनं केला तसाच हवा, वर अरुंद आणि तळाशी फुगीर. खड्ड्याजवळ तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालायची, म्हणजे रात्री पिल्लं बाहेर आली तरी भरकटत नाहीत आणि खेकड्याच्या तावडीत सापडत नाहीत.

पिल्लं थेट लाटेत सोडत नाहीत. त्यांना काही अंतर वाळूवरून स्वतः चालू देतात. सोडण्याची वेळ सकाळची कोवळी किंवा संध्याकाळची ठेवतात, कारण दुपारची तापलेली वाळू पिल्लाला सोसत नाही. त्या वेळी माणसं जवळ असल्यानं पक्षीही थोडे लांब राहतात. कासवमित्र राखण करतो ती एवढीच. कुरवावर तो दगड मारत नाही आणि फटाका फोडत नाही. आपल्यामुळे वाढलेला धोका तेवढा तो दूर करतो. बाकीचा हिशेब समुद्रावर सोपवतो.

या कामाचं फळ पुढे शास्त्रालाही मिळालं. 25 जानेवारी 2022 रोजी वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवण्यात आलं. भारतीय वन्यजीव संस्था, वन विभाग आणि मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन यांच्या या उपक्रमात तिला 'प्रथमा' नाव दिलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवाचा माग अशा रीतीनं प्रथमच घेतला गेला.

6. कुरवाला फरसाण टाकलं तर काय बिघडतं?

गेटवे ते मांडवा बोटीत बसलेल्या कुणालाही हे दृश्य ठाऊक आहे. बोट सुटली की कुरवांचा थवा मागे लागतो आणि प्रवासी वेफर, गाठी, कुरमुरे उडवू लागतात. मुलांना मजा वाटते, पक्ष्यांचंही पोट भरतं असं वाटतं.

हिशेब करून पाहू. समजा एका फेरीत शंभर माणसांनी प्रत्येकी वीस ग्रॅम फरसाण टाकलं, तर दोन किलो झालं. दिवसाच्या दहा फेऱ्या धरल्या तर वीस किलो. हे तळलेलं, मिठाचं आणि तिखटाचं पीठ आहे. हजारो किलोमीटरच्या परतीच्या उड्डाणासाठी पक्ष्याला अंगात चरबी आणि स्नायू साठवावे लागतात, त्यासाठी मासे आणि किडे हवेत. फरसाणानं पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. वर, फुकटचं मिळतं तिथे थवे दाटतात. दाटीत रोग लवकर पसरतो. उरलेल्या अन्नावर कावळे, उंदीर आणि कुत्री वाढतात, आणि मागच्या हिशेबातली चार घरटी उकरणारी कुत्री हीच.

माणसाच्या हातून खायची सवय लागलेला कुरव काय करतो हे ब्रिटनच्या किनाऱ्यावर दिसतं. तिथल्या गावांत मोठे कुरव लोकांच्या हातातले बटाट्याचे तळलेले काप झडप घालून नेतात. लोक वैतागतात आणि पक्ष्यांना मारून टाकायची मागणी करतात. वास्तविक तिथल्या हेरिंग जातीच्या कुरवांची संख्या इतकी घटली आहे की त्यांचा समावेश धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत झाला आहे. 2019 साली एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला. खाद्याची पिशवी जमिनीवर ठेवून कधी कुरवाकडे टक लावून पाहिलं, कधी तोंड फिरवलं. माणूस पाहत असताना कुरवांना पिशवीपाशी यायला सरासरी 21 सेकंद जास्त लागले आणि कित्येक आलेच नाहीत. पक्षी माणसाची नजर ओळखतो. त्याच्यापासून खाणं राखायला नजर पुरते.

आपल्याकडे अजून ही वेळ आलेली नाही. कुरव आजही खाडीतले मासे आणि बंदरातली घाण खाऊन जगतो. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर फरसाणाची पुडी पिशवीतच राहू द्यावी.

7. महाडचे राखणदार

किनारा राखणं आपलं काम नाही असं म्हणणाऱ्या महाडकरांना एक गोष्ट सांगायला हवी. रायगड जिल्ह्यातली गिधाडं राखण्याचं काम महाडमधूनच उभं राहिलं. प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सिस्केप संस्थेचे कार्यकर्ते म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गावकऱ्यांच्या मदतीनं वर्षानुवर्षं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची राखण करत आले. गिधाडांची घरटी उंच झाडांवर असतात, म्हणून ती झाडं तुटू द्यायची नाहीत. खायला मिळत नसेल तर मेलेली जनावरं त्यांच्यापर्यंत पोचवायची. उडता न येणारं पिल्लू खाली पडलं तर सांभाळायचं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं आणि किनारपट्टीतली असंख्य झाडं आडवी झाली. अशा वादळानंतर एकेका जुन्या झाडाची किंमत कळते.

गिधाडांच्या गोष्टीत आपल्या विषयाचं सार आहे. 1990च्या दशकापासून पुढच्या दीड दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. कुणी त्यांना गोळ्या घातल्या नव्हत्या. गुरांना वेदनेवर डायक्लोफिनॅक नावाचं औषध दिलं जात होतं. औषध दिल्यावर जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. 2023 साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली.

औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात गिधाड नव्हतंच, होता तो आपला बैल. नुकसान झालं ते दूरवर आणि नकळत. महाडच्या वसाहतीतून नाल्यात पडणाऱ्या रसायनाचं आणि प्लास्टिकचं तसंच आहे. ते टाकणाऱ्याच्या मनात ना कुरव असतो ना कासव. पण पाण्याची वाट तिथेच जाते. कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात शुद्ध झाल्याशिवाय खाडीकडे जाऊ नये, ही व्यवस्था त्यासाठीच आहे. ती किती काटेकोर चालते यावर खाडीतले मासे, मासेमाऱ्यांची चूल आणि कुरवाचं अन्न अवलंबून आहे.

आणि रानटी जीवांशेजारी राहणं महाडला नवं नाही. सावित्रीच्या पात्रात शहराला लागूनच मगरी राहतात. त्या उन्हाला येतात त्या जागा ठाऊक असलेली माणसं तिथे उतरत नाहीत आणि मगरीही सहसा माणसांच्या वाटेला जात नाहीत. अंतर राखणं म्हणजे काय हे महाडकरांना शिकवावं लागत नाही.

8. तुमच्या हातात काय आहे?

वसाहतीत काम करत असाल तर कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्यावर झाकण असू द्या. उघड्या ढिगावर आधी कावळे आणि कुत्री पोसली जातात, मग ती सगळीकडे पसरतात. प्लास्टिकचे दाणे, फाटक्या गोण्या, पॅकिंगचे तुकडे पावसाळ्याआधी गटारातून काढून घ्या, कारण पहिल्या जोरदार सरीत ते नदीत जातात. नाल्याच्या पाण्याला भलता रंग किंवा उग्र वास दिसला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि तारीख, वेळ, ठिकाण लिहायला विसरू नका.

किनाऱ्यावर जाल तेव्हा रात्री पुळणीवर बॅटरीचा झोत टाकू नका. अंधारात पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात. तो उजेड समुद्राचा असायला हवा, तुमच्या बॅटरीचा किंवा हॉटेलच्या दिव्यांचा नको. पिल्लू हातात घेऊन फोटो काढू नका. ऑलिव्ह रिडलेला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाळूवर मोटार किंवा जीप चालवू नका. खाली अंडी असतील तर ती दबून फुटतात.

जखमी पक्षी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन विभागालाही कळवा.

शाळा-महाविद्यालयातल्या मुलांसाठी एक काम सांगतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. दासगावची खाडी, आंबेतचा पूल, बागमांडल्याचा धक्का अशा जागा वाटून घ्या, दुर्बिणी पुरेशा नसतील तर एकीतून तिघांनी आळीपाळीनं पाहा आणि दिसलेले पक्षी जात आणि संख्येसह वहीत लिहा. अशी नोंद सलग पाच-दहा वर्षं झाली की खाडी सुधारते आहे की बिघडते आहे हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

तेव्हा वेळासला तुमच्या शेजारी बसलेल्या कुणी कुरवाला हाकलायला सांगितलं, तर त्याला हिशेब समजावून सांगा. कुरव आपला वाटा घेतो, तो त्याला घेऊ द्यावा. हाकलायची असेल तर आपल्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री पुळणीवरून हाकलावी आणि आपल्या नाल्यातली घाण नदीत जाण्याआधी अडवावी. त्यातलं दुसरं काम महाड आणि पोलादपूरच्या माणसांनी केलं नाही, तर वेळासच्या कासवमित्रानं कितीही पहाटा जागून काढल्या तरी त्या पुरणार नाहीत.